शेततळे, रास आणि हॉपर : जोडघनाकृतींचे घनफळ व पृष्ठफळ

दोन किंवा अधिक साध्या घनाकृती एकमेकींना जोडून तयार होते ती जोडघनाकृती. वृत्तचितीवर शंकू बसवला किंवा इष्टिकाचितीला चारही बाजूंनी पाचरी लावल्या, तरी हिशेबाची रीत एकच राहते. दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाच्या प्रकरणात ही रीत येते आणि परीक्षेनंतर बहुतेकांच्या हातून सुटते. जालना जिल्ह्यात मात्र तिची गरज रोज पडते. शेततळ्यात पाणी किती मावेल, मोंढ्यातल्या सोयाबीनच्या राशीत माल किती, बियाणे प्रक्रिया केंद्रातल्या हॉपरला पत्रा किती लागेल, रोलिंग मिलमध्ये एका बिलेटमधून, म्हणजे पोलादी ठोकळ्यातून, सळई किती निघेल, हे सगळे प्रश्न याच प्रकरणातले आहेत.

हिशेबाला बसण्यापूर्वी काय मोजायचे ते ठरवावे लागते. पाणी, माती, धान्य, लोखंड म्हणजे आत मावणारी किंवा आत भरलेली वस्तू. तिथे घनफळ हवे. प्लास्टिक, पत्रा, रंग, गिलावा, ताडपत्री ही वरून किंवा आतून लावायची वस्तू. तिथे पृष्ठफळ हवे. घनफळाची बेरीज सरळ होते: भागांचे घनफळ काढून मिळवले की पूर्ण आकृतीचे घनफळ मिळते. पृष्ठफळाचे तसे नाही. दोन भाग जिथे एकमेकांना चिकटतात तिथले दोन्ही पृष्ठभाग आत झाकले जातात, म्हणून ते मोजायचे नसतात. जोडघनाकृतीच्या गणितात होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. म्हणून पृष्ठफळ काढताना सूत्र लिहिण्याआधी आकृतीचा कोणता भाग डोळ्यांना दिसतो, कोणता झाकला गेला आहे आणि कोणता मुळातच उघडा आहे, हे कागदावर काढून पाहावे.

दुसरी काळजी एककांची. जिल्ह्यात लांबी-रुंदी मीटरमध्ये, खोली फुटात आणि खोदाई ब्रासमध्ये बोलली जाते. सर्व मापे आधी मीटरमध्ये आणावीत. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. बेरीज पूर्ण झाल्यावरच लिटर किंवा ब्रासमध्ये रूपांतर करावे.

शेततळ्याचे घनफळ

जालना जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. मोसंबी आणि द्राक्षासारख्या बागा उन्हाळ्यात जगवायच्या तर साठवलेले पाणीच लागते. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागांचे झालेले नुकसान जिल्हा विसरलेला नाही. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामांमुळे आणि शेततळ्यांवर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागांमुळे राज्यभर ओळखले गेले. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या राज्य शासनाच्या योजनेत १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतचे आकार ठरवलेले होते. त्यातला सर्वांत मोठा आकार येथे उदाहरणासाठी घेतला आहे.

३० × ३० × ३ हे आकडे ऐकल्यावर पहिला गुणाकार २,७०० घनमीटर असा होतो. तो चुकीचा आहे, कारण तळ्याच्या भिंती उभ्या नसतात. माती ढासळू नये म्हणून त्यांना उतार द्यावा लागतो. उतार १:१ असेल, तर एक मीटर खाली जाताना भिंत एक मीटर आत येते. तीन मीटर खोलीला प्रत्येक बाजू तीन मीटर आत येते आणि तळ २४ × २४ मीटरचा उरतो.

हा खड्डा म्हणजे उत्तम जोडघनाकृती आहे. तळाच्या चारही कडांवरून सरळ वर कापत गेल्यास त्याचे नऊ तुकडे पडतात. मधला तुकडा इष्टिकाचिती: २४ × २४ × ३ = १,७२८ घनमीटर. चारही बाजूंना आडव्या पडलेल्या त्रिकोणी चिती, म्हणजे पाचरी: प्रत्येकीचा छेद ३ मीटर पाया व ३ मीटर उंचीचा त्रिकोण, क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर, लांबी २४ मीटर, घनफळ १०८. चारांचे ४३२ घनमीटर. चार कोपऱ्यांत चार उलटे पिरॅमिड: पाया ३ × ३, उंची ३, घनफळ एक तृतीयांश × ९ × ३ = ९; चारांचे ३६ घनमीटर. एकूण १,७२८ + ४३२ + ३६ = २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. पहिल्या गुणाकारापेक्षा हे उत्तर ५ लाख ४ हजार लिटरने कमी आहे. पाण्याच्या भरवशावर झाडे किती लावायची हे ठरवताना एवढी तफावत बाग बुडवू शकते.

हेच उत्तर एका ओळीत मिळवण्याची रीत भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’च्या खातव्यवहारात, म्हणजे खोदकामाच्या गणितात, दिलेली आहे. तोंडाचे क्षेत्रफळ घ्यावे. तळाचे क्षेत्रफळ घ्यावे. मग वरची व खालची लांबी मिळवून, वरची व खालची रुंदी मिळवून, त्या दोन बेरजांचा गुणाकार करावा. या तिघांची बेरीज करून ६ने भागले की सरासरी क्षेत्रफळ मिळते. त्याला खोलीने गुणले की घनफळ. वरच्या तळ्यासाठी ९०० + ५७६ + (५४ × ५४ = २,९१६) = ४,३९२; भागिले ६ = ७३२; गुणिले ३ = २,१९६. नऊ तुकड्यांची बेरीज आणि हे उत्तर तंतोतंत जुळते. भास्कराचार्यांनी दिलेले उदाहरण एका वापीचे, म्हणजे बारवेचे, आहे: तोंड १२ × १० हात, तळ त्याच्या निम्मा, खोली ७ हात. १२० + ३० + २७० = ४२०, भागिले ६ = ७०, गुणिले ७ = ४९० घनहस्त. साडेआठशेहून अधिक वर्षे जुनी ही रीत आजच्या शेततळ्याला जशीच्या तशी लागू पडते, ही या विषयातली सर्वांत आनंदाची गोष्ट आहे.

चौरस तळ्याइतकीच ही रीत आयताकृती तळ्यालाही चालते. शाळेतले शंकूछेदाचे सूत्र वरचा व खालचा आकार एकमेकांशी समरूप असेल तरच नेमके उत्तर देते. २५ × २० मीटरच्या तळ्याचा तळ १९ × १४ मीटर येतो. हे दोन आयत समरूप नाहीत. इथे ५०० + २६६ + (४४ × ३४ = १,४९६) = २,२६२, भागिले ६, गुणिले ३ = १,१३१ घनमीटर हे अचूक उत्तर आहे. नुसती तोंड आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून खोलीने गुणण्याची सोपी पद्धतही वापरात दिसते. ती उत्तर नेहमी थोडे जास्त देते. ३० मीटरच्या तळ्यात ते २,२१४ येते, म्हणजे १८ घनमीटर जास्त. अंदाजासाठी ती चालेल. खोदाईचे पैसे चुकते करताना ती वापरू नये.

खोदाईचा हिशेब खड्ड्यात मोजावा, ट्रॉलीत नव्हे. २,१९६ घनमीटर म्हणजे सुमारे ७७५ ब्रास. पण खणलेली माती सैल होऊन फुगते. ती पाव पटीने फुगली असे धरले, तर ट्रॉल्यांची मोजणी ९७० ब्रासच्या जवळ जाईल, आणि शेतकरी व खोदाई करणारा दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असूनही वाद उभा राहील. म्हणून मोजणी कुठे करायची ते काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

काळ्या, भुसभुशीत जमिनीत १:१ उतार टिकत नाही, म्हणून तो १.५:१ ठेवतात. मग भिंत तीन मीटरला साडेचार मीटर आत येते, तळ २१ × २१ मीटरचा होतो आणि घनफळ १,९७१ घनमीटरवर येते. तोंडाचे माप तेच, जमीन तेवढीच अडलेली, पाणी मात्र सव्वादोन लाख लिटरने कमी. तळ्याचे माप सांगताना उतार सांगितला नाही, तर ते माप अपुरे आहे.

आणखी एक गोष्ट घनफळातूनच कळते. तळे काठोकाठ भरत नाहीत. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडल्यास पाण्याची खोली २.५ मीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग २९ × २९ मीटर राहतो. साठा १,७६१ घनमीटर होतो. म्हणजे खोलीचा सहावा भाग सोडला, पण पाण्याचा जवळजवळ पाचवा भाग गेला, कारण वरचा थर सर्वांत रुंद असतो. उलट पाणी उतरून खोली दीड मीटर राहिली, की तळे अर्धे आहे असे वाटते. प्रत्यक्षात साठा ५७६ + ७२९ + (५१ × ५१ = २,६०१) = ३,९०६, भागिले ६, गुणिले १.५ = ९७६.५ घनमीटर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सुमारे ४४ टक्केच. तळ्यात मोजपट्टी लावायची असेल, तर तिच्यावर फक्त खोली न लिहिता प्रत्येक अर्ध्या मीटरला असे काढलेले घनफळही लिहावे. पाण्यात न उतरता खोली काढायची झाल्यास काठावरून पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी मोजावी: १:१ उताराच्या तळ्यात रुंदीतून तळाची रुंदी वजा करून निम्मे केले की खोली मिळते.

तळ्याचे अस्तर

आता पृष्ठफळ. प्लास्टिकचे अस्तर, ज्याला बोलण्यात कागद म्हणतात, तळाला आणि चार उतारांना लागते. तोंड उघडे असते, म्हणून ते मोजायचे नाही. वर केलेल्या नऊ तुकड्यांमधले आतले कापही मोजायचे नाहीत, कारण ते फक्त हिशेबासाठी कल्पिलेले आहेत. तळ ५७६ चौरस मीटर. प्रत्येक उतार हा समलंब चौकोन: वरची बाजू ३०, खालची २४, आणि त्याची उंची म्हणजे उताराची तिरकस लांबी. ही लांबी ३ मीटर नाही. पायथागोरसच्या प्रमेयाने ती ९ + ९ म्हणजे १८चे वर्गमूळ, ४.२४ मीटर येते. उभी खोली घेऊन अस्तर काढणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. एका उताराचे क्षेत्रफळ २७ × ४.२४३ = ११४.५५, चारांचे ४५८.२ आणि तळ धरून एकूण सुमारे १,०३४ चौरस मीटर.

पण १,०३४ चौरस मीटर कागद मागवून काम होत नाही. अस्तर सपाट चादरीसारखे येते; ते खड्ड्यात पसरताना कोपऱ्यांत घड्या पडतात. चादरीची एक बाजू २४ + दोन वेळा ४.२४३ = ३२.४९ मीटर लागते, तिचे क्षेत्रफळ १,०५५ चौरस मीटर. म्हणजे २१ चौरस मीटर कोपऱ्यांच्या घड्यांत जाते. शिवाय काठावर चर खणून त्यात कागद पुरावा लागतो. त्यासाठी प्रत्येक बाजूला दीड मीटर धरल्यास चादर ३५.४९ मीटर बाजूची, म्हणजे जवळजवळ १,२६० चौरस मीटर होते. ५०० मायक्रॉनचा कागद म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी. या प्लास्टिकची घनता घनसेंटीमीटरला ०.९४ ग्रॅमच्या आसपास धरली, तर चौरस मीटरला ४७० ग्रॅम वजन येते आणि पूर्ण चादरीचे सुमारे ५९२ किलो. दुकानातून आलेल्या गठ्ठ्याचे वजन करून जाडी खरी आहे की नाही, हे यावरून पडताळता येते. अस्तराच्या बाबतीत याहून साधी आणि खात्रीची तपासणी नाही.

धान्याची रास

मोंढ्यात किंवा खळ्यावर ओतलेले धान्य आपोआप शंकूचा आकार घेते. शंकूचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले ३. अडचण अशी की राशीची त्रिज्या मोजता येत नाही, कारण केंद्र मालाखाली दडलेले असते. मोजता येतो तो परीघ. ‘लीलावती’च्या राशिव्यवहारात त्यासाठी परिघाचा सहावा भाग घेऊन, त्याचा वर्ग करून, उंचीने गुणण्याची रीत आहे. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ धरल्यावर शंकूचे सूत्र एवढे सुटसुटीत होते. खरे गुणोत्तर ३.१४१६ असल्यामुळे ही रीत सुमारे ४.७ टक्के जास्त उत्तर देते. अचूक हवे असेल, तर परिघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७ असे करावे.

सोयाबीनच्या एका राशीचा परीघ १२ मीटर आणि उंची १.२ मीटर आहे असे धरू. जुन्या रीतीने ४.८ घनमीटर, अचूक रीतीने ४.५८ घनमीटर. एका घनमीटरला ७२० किलो धरले, तर माल सुमारे ३३ क्विंटल. दोन रीतींतला फरक दीड क्विंटलहून अधिक आहे. घनमीटरचे वजन मात्र ओलावा आणि जात यांवर बदलते. ज्याचे माप माहीत आहे असा डबा त्याच मालाने भरून तोलावा आणि तोच आकडा वापरावा.

रास भिंतीला टेकली असेल तर ती अर्धा शंकू असते, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर पाव शंकू, आणि भिंतीच्या बाहेरच्या कोनाला वळसा घालून पडली असेल तर पाऊण. तिन्ही प्रकार भास्कराचार्यांनी सांगितले आहेत. मोजलेल्या कमानीला अनुक्रमे २, ४ आणि ४/३ने गुणून पूर्ण परीघ काढावा, पूर्ण शंकूचे घनफळ काढावे आणि शेवटी त्याच संख्येने भागावे.

मोठी रास बहुधा लांबट असते. तिच्या मध्ये त्रिकोणी चिती आणि दोन टोकांना दोन अर्धे शंकू असतात. दोन अर्धे मिळून एक पूर्ण शंकू. माथ्याची लांबी ४ मीटर, पायाची रुंदी ३ मीटर, उंची १ मीटर असल्यास चितीचे घनफळ ६, शंकूचे २.३६, एकूण ८.३६ घनमीटर. अवकाळी पावसात तीच रास झाकायची असेल तर पृष्ठफळ लागते. तिरकस उंची १.५ आणि १ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, १.८० मीटर. दोन आयताकार उतार १४.४ आणि शंकूचे वक्रपृष्ठ ८.५ मिळून २२.९ चौरस मीटर. चिती आणि अर्धा शंकू जिथे मिळतात तो उभा त्रिकोण मालाच्या आत आहे. तो मोजायचा नाही. ताडपत्री मात्र आयताकृती असते. तिला निदान ३.६ × ७.६ मीटर, आणि दडपण्यासाठी सर्व बाजूंना वेगळी पट्टी लागते.

बियाण्यांचा हॉपर

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी उभी केली, आणि पुढे हे शहर बियाण्यांचे मोठे केंद्र झाले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे वाळवणे, चाळणे, प्रतवारी करणे या सगळ्या टप्प्यांत माल हॉपरमधून खाली उतरतो. हॉपर वर वृत्तचिती आणि खाली उलटा शंकूछेद अशा घडणीचा असतो.

वृत्तचितीचा व्यास २.४ मीटर, उंची ३ मीटर. खालच्या शंकूछेदाची उंची १ मीटर आणि तोंडाचा व्यास ०.४ मीटर, वर ०.३५ मीटर उंच शंकूचे छप्पर, असा हॉपर घेऊ. वृत्तचितीचे घनफळ ३.१४१६ × १.४४ × ३ = १३.५७. शंकूछेदाचे ३.१४१६ × १ × (१.४४ + ०.०४ + ०.२४) भागिले ३ = १.८०. एकूण १५.३७ घनमीटर. छपराखालची जागा साठ्यात धरू नये, कारण धान्य मधून पडते आणि स्वतःचा उतार घेऊन थांबते. कडेला पोकळी राहतेच.

पत्र्यासाठी वृत्तचितीचे वक्रपृष्ठ २२.६२. शंकूछेदाची तिरकस उंची १.४१४, म्हणून वक्रपृष्ठ ३.१४१६ × (१.२ + ०.२) × १.४१४ = ६.२२. छपराची तिरकस उंची नेमकी १.२५, वक्रपृष्ठ ४.७१. बेरीज ३३.५५ चौरस मीटर. वृत्तचितीची दोन्ही वर्तुळे यात नाहीत, कारण माल त्यांतूनच जातो. एकूण पृष्ठफळाचे पाठ सूत्र वापरून ती मिळवली, तर ९ चौरस मीटर पत्रा उगाच वाढतो. तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला २३.५५ किलो भरतो, म्हणून हॉपरचे वजन सुमारे ७९० किलो. जोडाचे वळण आणि कापातली वाया जाणारी पट्टी वेगळी धरावी. शंकूछेदाचा पत्रा कापताना नासाडी सर्वांत जास्त होते, कारण तो पसरल्यावर वर्तुळपाकळीच्या पट्टीसारखा होतो आणि चौकोनी पत्र्यातून काढावा लागतो. रंग आतून-बाहेरून द्यायचा असल्यास क्षेत्रफळ दुप्पट.

बिलेट आणि सळई

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेले बिलेट दाबून सळई काढतात. आकार बदलतो, घनफळ टिकते. १०० × १०० मिलिमीटर छेदाचे, १.५ मीटर लांबीचे बिलेट ०.०१५ घनमीटर, म्हणजे सुमारे ११८ किलो असते. तापवताना जाणारी घट सोडल्यास त्यातून १२ मिलिमीटर व्यासाची १३२.६ मीटर सळई निघेल. पृष्ठफळ मात्र ०.६२ चौरस मीटरवरून ५ चौरस मीटरवर, आठ पटींनी वाढते. म्हणूनच तेवढ्याच वजनाचे बिलेट उघड्यावर राहिले तर फारसे बिघडत नाही आणि बारीक सळई लवकर गंजते. बांधकामावर ती जमिनीपासून उचलून, झाकून ठेवावी.

सळईचे वजन काढण्याचे बाजारातले सूत्र, व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे वृत्तचितीचेच घनफळ आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन, पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरली की एक मीटर लांबीचे वजन या रूपात येते. १२ मिलिमीटरला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. टीएमटी सळई मात्र नुसती वृत्तचिती नसते. तिच्या अंगावर कडा असतात. कडांवरून व्हर्नियरने घेतलेला व्यास खऱ्यापेक्षा जास्त येतो, दोन कडांमध्ये घेतलेला कमी. म्हणून व्यास मोजून वजन काढण्याऐवजी उलट करावे: नेमका एक मीटरचा तुकडा तोलावा, किलोतल्या वजनाला १६२ने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. कडांसह सळईचा खरा सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो.